माझा डोस आणि तिची मांजरी

बायको गेली तेव्हा घरात दोघंच उरलो. मी आणि तिची मांजरी. इस्पितळात शेवटी ती माझ्याबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, "माजरेक सांभाळा." बस्स, एवढंच.

मी मात्र खुर्चीतून उठेनासा झालो. पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवलेला माणूस मी, आणि आता कळशी उचलली तरी धाप. पाववाला पोदेर दारात भोंगा वाजवून निघून जाई, मी बसलेलाच. सगळे म्हणाले, दुःख आहे, जाईल. म्हापशाला राहणाऱ्या सुनेला ते पटलं नाही. तिने मला डॉक्टरणीकडे नेलं. सकाळी रक्त काढलं, परत एका सकाळी काढलं. नको तिथे बोट घालूनही तपासलं, ते लिहीत नाही.

"आजोबा, पुरुषांचं हार्मोन तुमच्यात फार कमी झालंय."

"या वयात ते घेऊन मी काय करू?"

सून खिडकीबाहेर बघायला लागली.

"लग्नासाठी नव्हे हो. अंगात ताकद यावी म्हणून."

जेलची पाकिटं दिली. रोज सकाळी आंघोळ झाली की एक पाकीट खांद्यांना लावायचं, हात साबणाने धुवायचे, सुकलं की वरून शर्ट घालायचा. बायकामुलांना ते लागता कामा नये.

माझ्या घरात बायको नाही, मुलं नाहीत. मग शर्ट कोणासाठी? आमच्या चोपडे गावच्या उकाड्यात पुरुष घरात उघडेच असतात. कमरेला लुंगी, खांद्यावर टॉवेल. माझा बापही तसाच वावरला. मी जेल लावायचो आणि वर टॉवेल टाकायचो.

थोडे दिवस गेले, फरक काही नाही. एक पाकीट पुरत नसेल, म्हटलं, आणि दोन लावायला लागलो.

मग मात्र फरक पडला. पाठीवर कॉलेजातल्या पोरासारखे फोड. पाय सुजून चप्पल चढेना. पाव मऊ नाही म्हणून पोदेराशी भांडलो, त्याने आमच्या दारात थांबणंच सोडलं.

आणि मांजरी! गरीब बिचारी, कधी कोणावर फिस्कारली नव्हती. आता शेपटी ताठ करून चौकटीवर मुतायला लागली. माझ्या चपलेवरसुद्धा. शेजारणीच्या बोक्याला तिने माडावर चढवलं. शेजारीण कुंपणावरून ओरडली, "भाऊ, तुमची माजरी बोको झाली! माझ्या बोक्याक जेवूक दिना."

हसण्यासारखंच होतं, पण भांडणात मांजरीचा कान फाटला, खाणं सुटलं. बायकोने माझ्या हाती सोपवलेली ती एकच गोष्ट. माझ्या तपासणीला निघालो तेव्हा मांजरीलाही पिशवीत घातलं.

डॉक्टरणीने रिपोर्ट बघितला, मग पिशवीतून वर आलेलं डोकं बघितलं.

"ही झोपते कुठे?"

"दुपारी, माझ्या टॉवेलावर. चाटत बसते."

"आणि सकाळी टॉवेल कुठे असतो?"

"खांद्यावर."

तिने पेन खाली ठेवलं. "तुमचं औषध हिनेही घेतलं, आजोबा. आणि तुम्ही वर दुप्पट लावलंत. गुण यायला महिने लागतात. तुमचं रक्त घट्ट झालंय, गुठळी डोक्यात गेली तर? ट्रकात ग्रीस जास्त मारलं की काय होतं?"

"सील फुटतं."

"मग?"

मी मांजरीकडे बघितलं.

औषध बंद झालं. रक्त जागेवर आल्यावर परत सुरू केलं, एकच पाकीट, आणि डॉक्टरणीला विचारल्याशिवाय कमी नाही, जास्त नाही. मध्येमध्ये रक्त तपासायचं. मांजरीला गुरांच्या डॉक्टरला दाखवलं. तो हसून हसून दमला, म्हणाला, टॉवेल दूर ठेवा, उतरेल. उतरलं. आता शेजारणीचा बोका सुखाने जेवतो. पोदेर आला की मी दारात उभा असतो, पाव मऊ नसला तरी गप्प घेतो.

आणि जेल सुकलं की शर्ट घालतो, गळ्यापर्यंत बटणं लावून. जन्मभर बायको ओरडत होती, "अहो, आंगात शर्ट घाला, लोक येतत." आता कोणी येत नाही. मांजरी मांडीवर येऊन बसते, बटणाशी खेळते.