चहाच्या डब्यातल्या गोळ्या

माझा राग अजून उतरलेला नाही, आणि उतरूही नये.

कराडजवळच्या आमच्या गावात नळाची पाइप गटारातून जाते. पाइपला गळती, पाण्याला वास. ओरडून ओरडून आमचा घसा बसला, तर ग्रामपंचायतीतनं उत्तर आलं, टीसीएल टाकलंय. बादलीभर ब्लीचिंग पावडर ओतली की गटाराचं तीर्थ होतं, असं त्या शहाण्यांना वाटत असावं. अर्ध्या आळीला टायफॉइड झाला. त्यात माझी आई.

डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या. मी कुपवाडला कारखान्यात कामाला, त्यामुळं निघताना आईला चारदा बजावलं, की ताप गेला तरी पाकीट संपवायचं. ती व्हय व्हय म्हणाली. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि बाईसाहेबांना गोळ्या गरम पडायला लागल्या. उरलेल्या तिनं चहाच्या डब्यात ठेवल्या. शेजारच्या चुलतीला ताप आला तेव्हा वाटीभर साखर द्यावी तशा त्या देऊन टाकल्या. एका पाकिटात दोघी बऱ्या, म्हणे!

पंधरा दिवसांत आईचा ताप उलटला. चुलती घरी फणफणत होती आणि आईच्या आतड्यातून रक्त जात होतं. सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, आतडं फाटलं तर ऑपरेशन करावं लागेल, आणि या वयात भरवसा देता येत नाही. आधीच्या गोळ्या किती घेतल्या, असं त्यांनी विचारलं. पाच दिवसांच्या, उरलेल्या चुलतीला दिल्या, असं आई छताकडं बघत म्हणाली.

तिसऱ्या दिवशी इंजेक्शनांनी ताप जरा खाली आला, आणि मग माझा तोल सुटला. अक्कल गहाण ठेवलीस का, चुलतीचाही जीव घेशील, असं नको नको ते बोलले. शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा मान वळवून बघायला लागली.

आई हळू म्हणाली, "आगं, गेल्या साली मला ताप आला, तवा तुझ्या पर्समधल्या उरलेल्या गोळ्या तूच दिल्या हुत्यास न्हवं?"

दिल्या होत्या. मला बरं वाटल्यावर मी सोडलेल्या त्या गोळ्या. तिला दवाखान्यात न्यायचं तर माझी कामावरची पाळी चुकणार होती.

पर्स खाटेपाशीच होती. आतल्या कप्प्यात आणखी एक अर्धं पाकीट होतं. मी पर्स पायानं खाटेखाली सरकवली.