चौदा नंबरचा धोंडा

माझ्या आयुष्यात मी फक्त सहा रविवार मोठा माणूस होतो. तो मोठेपणा कसा आला आणि कसा गेला, हे सांगायचं म्हणजे आपल्याच हाताने आपल्या तोंडाला सफेदा फासायचा. पण तुम्ही चहा पाजलाय, तेव्हा ऐका. मध्ये हसलात तरी चालेल, सगळे हसतात.

युद्धाच्या आधीची गोष्ट. मी भाईंदर स्टेशनात मालबाबू होतो. मालबाबू म्हणजे मालधक्क्यावरचा कारकून; नुसत्या नावाला भुलू नका. तेव्हाचं भाईंदर होतं तरी काय? एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला मिठागरं, मध्ये स्टेशन आणि स्टेशनामागच्या खोलीत मी. आसपासच्या खाणींतला दगड बैलगाड्यांतून धक्क्यावर यायचा, वाघिणींत, म्हणजे मालडब्यांत, चढायचा, आणि दुपारची मालगाडी तो घेऊन मुंबईला जायची. दगडसुद्धा मुंबई बघून घेत होते. मी मात्र तिथेच.

मी मूळचा माणदेशातला. आई लहानपणीच गेली, वडील नोकरी लागायच्या आदल्या वर्षी. एक थोरला भाऊ होता, त्याचं पत्र वर्षातून दोनदा यायचं. भाईंदरात बोलायचं कुणाशी? स्टेशनमास्तर गुजराती, भला माणूस, पण कामापुरतं बोलायचा आणि काम संपलं की दार लावून घ्यायचा. मजूर माझ्यासमोर हात बांधून उभे राहायचे. त्याला काही कुणी गप्पा म्हणत नाही. मला रोज हात करणारा एकच माणूस होता, मालगाडीचा गार्ड. आणि तोही मला हात करत नव्हता, इंजिनातल्या ड्रायव्हरला झेंडी दाखवत होता. हे मला दोन महिन्यांनी कळलं. तोवर मी रोज धक्क्यावर उभा राहून त्याला उलट हात करत होतो!

आता आमच्या धक्क्यावरची एक पद्धत सांगतो, ती ध्यानात ठेवा. खाणीतून मोठा धोंडा आला, की तो तपासायचा आणि पसंत पडला की त्यावर तेलातल्या सफेद्याने नंबर टाकायचा. नंबर पडला की धोंडा रेल्वेचा झाला. मग त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, आणि दोन-चार दिवसांत तो गाडीत चढायचाच. हे नंबर मी टाकायचो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच. हाताला इतकी सवय लागली होती, की जेवायला बसलो तर भातावरही बोटाने आकडा काढायचो.

रविवारी गाडी भरायची नसायची. तो दिवस मला खायला उठायचा. एकदा वाटलं, खोलीत भिंतीशी तोंड करून बसण्यापेक्षा चालावं. मिठागरांच्या बांधावरून निघालो, तो दोन-अडीच तासांनी उत्तनच्या किनाऱ्याला लागलो. खाडी रोज बघत होतो, पण उघडा समुद्र तो पहिलाच. ओहोटी होती. काळे खडक वर आले होते आणि त्यांच्या खळग्यांत पाणी साचलं होतं. एका खळग्यात वाकून बघतो, तर तळाशी खडकालाच चिकटून एक फूल! शेवंतीएवढं, तांबूस, आणि वारा नसताना पाकळ्या हलताहेत. मी हळूच बोट लावलं. त्याने पाकळ्या मिटल्या आणि माझं बोट धरलं.

हसा खुशाल. पण त्या वर्षभरात माझा हात कुणी धरला असेल, तर त्या फुलाने. मी बोट काढलंच नाही. कंबर धरेपर्यंत तसाच वाकून राहिलो.

जवळच एक म्हातारी कोळीण खडकावरची कालवं काढत बसली होती. कतरीनबाय तिचं नाव, हे मला मागाहून कळलं. मी विचारलं, "मावशी, ह्याला काय म्हणतात?"

तिने माझ्याकडे पाहिलं, फुलाकडे पाहिलं, आणि पुन्हा कालवांकडे वळली. "त्याला नाव न्हाय. खायाला येत न्हाय, इकायाला येत न्हाय, मंग नाव कशाला ठेवू?"

पुढच्या रविवारी गेलो, तर माझं फूल सापडेना. खळगे सगळे सारखे, आणि खळग्यातलं पाणी आटलं की तसली फुलं मिटून गोळा होऊन बसतात, ओळखायची कशी? तासभर हिंडलो. जत्रेत आपलं माणूस चुकावं तसा जीव कासावीस झाला. मग मी काय केलं असेल? शहाणा माणूस घरी गेला असता. मी त्याच्या पुढच्या रविवारी सफेद्याचा डबा आणि कुंचला घेऊन गेलो!

जिथे जिथे फूल दिसेल, तिथल्या खडकाच्या कोरड्या माथ्यावर नंबर टाकत सुटलो. चांगले हातभर आकडे, धक्क्यावर टाकायचो तसे. अंगात रेल्वेचा काळा कोट, पितळी बटणांचा, कारण दुसरा धड कपडाच नव्हता. दुपारपर्यंत तेवीस नंबर झाले. माझं पहिलं फूल चौदाव्या नंबरला सापडलं. म्हणजे ते तेच होतं, असं मी ठरवून टाकलं. त्याच्यापाशी बसून आठवड्याची सगळी हकिकत त्याला सांगितली. सोबत बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिला, तो त्याने थोड्या वेळाने बाहेर टाकला. आमच्याकडची बाजरी त्याला मानवली नसावी.

आणि त्याच दिवशी माझं नशीब उघडलं. वर वाळूत आलो, तर कतरीनबाय उभी. पहिल्या दिवशी मला कालवाएवढीही किंमत न देणारी बाई, आज म्हणते, "साहेब, उन्हात कशाला बसतं? घरी चला, जेवा." साहेब! मी मागे वळून पाहिलं, की माझ्यामागे कोणी साहेब आहे का.

घरी तिचा धाकटा भाऊ बस्त्याव होता. त्याने स्वतः पाट मांडला. तांदळाच्या भाकरी, पापलेटाचं कालवण, ताजी ताडी. आमच्या सात पिढ्यांत कुणी मासा खाल्ला नव्हता, पण सात पिढ्यांत असं कुणी बोलावलंही नव्हतं. मी काट्यांसकट खाल्लं. मग पुढचा रविवार, त्याच्या पुढचा रविवार! मी दिसलो की पोरं पळत वर्दी द्यायची, बाया हातातलं जाळं ठेवून उभ्या राहायच्या. एकदा तर सणालाच करतात ते आंबवलेल्या पिठाचे फुगे माझ्यासाठी तळले. मी खोलीवर परत आलो आणि भावाला पत्र लिहिलं: दादा, काळजी करू नकोस, मला इथे माझी माणसं मिळाली.

त्यांच्या प्रश्नांत काही खोट आहे, असा संशय मला यायला हवा होता की नाही? बस्त्याव विचारायचा, अजून किती नंबर टाकायचे आहेत. मी म्हणायचो, सापडतील तेवढे. तो विचारायचा, कुठपर्यंत जाणार. मी म्हणायचो, पार त्या टोकापर्यंत, मला घाई नाही. तो माझ्या पानात आणखी एक भाकरी वाढायचा. मला वाटायचं, माझी चिकाटी बघून गडी भारावला.

एकदा त्याने हळूच विचारलं, "साहेब, वरून हुकूम हाय काय?"

"छे, हुकूम कसला," मी फुगा मोडत म्हणालो, "सगळं माझ्या मनावर आहे."

झालं! त्यानंतरच्या रविवारी पापलेटं एकाची दोन झाली.

सहाव्या रविवारी पोचलो, तर क्रूसासमोरच्या अंगणात अख्खा पाडा जमलेला. मध्ये खुर्ची. मला खुर्चीवर बसवलं, गळ्यात हार घातला. बस्त्याव म्हणाला, साहेबांनी दोन शब्द बोलावे. आता मला सांगा, ज्याला धक्क्यावरचं कुत्रंसुद्धा विचारत नाही, त्याच्या गळ्यात हार पडल्यावर त्याची जीभ ताळ्यावर राहील?

मी उठलो. म्हणालो, तुमच्याएवढं प्रेम मला कुणी दिलं नाही. हे खडक आता मला माझेच वाटतात. एकही सोडणार नाही. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांवर नंबर पडतील, तेव्हाच मला चैन पडेल.

कुणी टाळी वाजवली नाही. पुढे बसलेल्या एका बाईने पदर डोळ्यांना लावला. ती रडतेय हे बघून मलाही भरून आलं, आणि मीही रडलो. ती घरासाठी रडत होती, मी प्रेमाने. पण त्या क्षणी आमच्या दोघांच्या रडण्यात तुम्हाला फरक करता आला नसता.

शेवटी कतरीनबाय उठून जवळ आली. तिने हात जोडले.

"साहेब, समदे नका नेऊ. हे धोंडे हायेत म्हनून दर्या भायेर हाय. धोंडे गेले तं पावसाळ्यात दर्या माझ्या चुलीत येल. अर्धे न्या, अर्धे ऱ्हाऊ द्या."

मी म्हणालो, "नेऊ? कुठे नेऊ?"

"तुमच्या गाडीन," बस्त्याव म्हणाला. "मी वरीसभर खानीवर होतो, साहेब. नंबर पडला का धोंडा गाडीत चढतो, हे मला ठाव न्हाय काय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सहा रविवारांची पापलेटं, फुगे, खुर्ची, हार, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. ते जेवण माझं नव्हतंच. ते खडकांचं होतं.

आणि आता लाजेची गोष्ट सांगतो. क्षणभर माझ्या मनात आलं, 'बघू, विचार करू' एवढंच म्हणावं. तेवढ्यावर आणखी चार-पाच रविवार सहज निघाले असते. मी तोंड उघडलंही. पण कतरीनबायचे जोडलेले हात समोर होते, कालवं काढून काढून बोटांना चिरा पडलेले, आणि माझ्याच्याने ते झालं नाही. मी गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला आणि म्हणालो, "चला, दाखवतो."

पुढे मी, मागे सगळा पाडा. चौदा नंबरपाशी गेलो, खळग्यात बोट घातलं. फुलाने नेहमीसारखं धरलं. "हे," मी म्हणालो. "नंबर ह्याच्यासाठी. पुन्हा आलो की सापडावं म्हणून."

सगळे वाकून बघताहेत. बस्त्यावने एकदा खळग्यात पाहिलं, एकदा मला आपादमस्तक पाहिलं.

"म्हंजे तू साहेब न्हायस?"

"मालबाबू आहे. धक्क्यावरचा कारकून."

"आनि गाडी?"

"गाडी मला विचारत नाही."

तो अकरा नंबरच्या खडकावर मटकन बसला आणि हसायला लागला. मग एकेक करून सगळे. मघाशी रडलेली बाई तर इतकी हसली, की तिला दोघींनी धरून वर नेलं. हसत हसतच सगळे घरोघर गेले. त्यांचे खडक वाचले होते, त्यांनी का हसू नये? मी एकटा उरलो.

नंबर पुसायला हवे होते, नाहीतर आणखी कुणी घाबरायचं. मी नारळाची सोडणं आणि वाळू घेऊन घासायला बसलो. तेलातला सफेदा तो, मी स्वतः कालवलेला, जातो कसला! हाताची सालटी निघाली, आणि एक नंबर नुसता फिका झाला. दुपार टळली. कुणी जेवायला बोलावलं नाही. मला भूक फारशी नव्हती, पण वरच्या घरांतून भाकरीचा वास येत होता आणि मी वर बघत नव्हतो. फार एकटं वाटलं. पूर्वीही एकटाच होतो, पण तेव्हा मला त्याची सवय होती. मधल्या सहा रविवारांनी ती मोडली होती. दादाला पाठवलेलं पत्र आठवलं. टपालात टाकलेलं पत्र परत मागवता येत नाही.

भरती लागायच्या सुमाराला मागे पावलं वाजली. कतरीनबाय होती. फडक्यात बांधलेली भाकरी आणि वर सुकट. तिने ते खडकावर ठेवलं आणि शेजारी बसली.

मी म्हणालो, "आता कशाला, मावशी? मी साहेब नाही."

"म्हनून तं सुकट हाय," ती म्हणाली. "साहेब असतास तं पापलेट आनलं असतं."

मी खायला लागलो. ती माझ्याकडे न बघता चौदा नंबरच्या खळग्याकडे बघत होती.

"त्या तुझ्या फुलाला नाव ठेवलं पाड्यानं," ती म्हणाली.

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आपल्यामुळे निदान त्या बिचाऱ्याला नाव तरी मिळालं. "काय ठेवलं?"

"मालबाबू."

"मालबाबू का?" मी विचारलं. ती उठली, लुगडं झटकलं, आणि जाता जाता समजावून सांगितलं.

"खायाला येत न्हाय, इकायाला येत न्हाय. आनि कुनी बोट लावलं, का सोडीत न्हाय."