थाळ्या आणि तलावाचे पाणी

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाच्या काळात, श्रावणातल्या एका दुपारी, परळच्या एका कापडगिरणीचा तलाव काठोकाठ भरला आणि त्याचे पाणी आमच्या चाळीच्या बोळात सोडावे लागले.

तलाव बॉयलरसाठी बांधलेला. त्याची दगडी भिंत बोळाला लागून होती. जास्तीचे पाणी बोळातल्या गटाराने नाल्यात आणि नाल्यातून खाडीत जाई. भरती चढली की नाला पाणी घेत नसे, उलट मागे फेकी. म्हणून तलावाचा दरवाजा ओहोटीतच उघडायची पद्धत होती. त्या दिवशी हरताळ होता. हुकूम देणारे साहेब गिरणीत पोचलेच नाहीत आणि ओहोटी संपत आली. तलावाच्या भिंतीला चीर गेली होती.

तलावावरचा मुकादम स्वतः चाळीच्या वरच्या गॅलरीत आला. मी एका दैनिकात नुकताच उपसंपादक म्हणून लागलो होतो आणि त्या दिवशी चाळीतच होतो, तलाव बघायला वर चढलो होतो.

"भिंत फुटली तर चाळ राहणार नाही," तो म्हणाला. "भरतीच्या आत मी दरवाजा पूर्ण उघडतोय, गटाराला एवढं पाणी झेपणार नाही. तळमजला रिकामा करा. मला थांबा म्हणू नका, थांबता येणार नाही."

आमची खोली तळमजल्यावर होती, बोळापेक्षा खोलगट. थोरला भाऊ सत्याग्रहात पकडला गेला होता. खोलीत वहिनी एकट्याच होत्या. त्या गरोदर होत्या, दिवस भरले होते.

सगळ्यांना एकदम कळावे म्हणून गॅलरीतल्या मालवणी आजींनी थाळी घेतली आणि पळीने बडवायला सुरुवात केली. त्यांचे पाहून सारी गॅलरी थाळ्या वाजवू लागली.

त्या वर्षांत आमच्याकडे थाळी वाजली म्हणजे पोलीस आले. मग तळमजल्यावरच्यांनी दारे लावायची, अश्रुधूर आत येऊ नये म्हणून फटीत ओली फडकी कोंबायची आणि जमिनीवर आडवे व्हायचे. आता खाली एकामागून एक कड्या लागल्याचे ऐकू आले. तोवर मुकादमाने तलावाचा दरवाजा उघडला होता.

मी जिना उतरलो तेव्हा बोळातले पाणी घोट्याला लागले. आमच्या दारापर्यंत पोचलो तोवर ते गुडघ्याला आले होते. बाकीच्या खोल्यांतली माणसे शेजाऱ्यांनी खिडक्यांवर हात आपटून बाहेर काढली. आमच्या खोलीला बोळाकडे खिडकी नव्हती. मी दार बडवले.

"घरात पुरुषमाणूस नाही," वहिनी आतून ओरडल्या. "उद्या या!"

"वहिनी, मी आहे! दार उघडा!"

"उद्या या म्हटलं ना! दार तोडताय कशाला, सरकारचं आहे का?"

थाळ्यांच्या गजरात माझा आवाज त्यांना ओळखू येत नव्हता. जितक्या जोराने मी दार ठोकत होतो, तितकी पोलीस आल्याची त्यांची खात्री पटत होती. फडकी घट्ट बसली होती. बाहेर एवढे पाणी असून आत नुसती ओल आली होती, असे त्यांनी नंतर सांगितले. त्या आतल्या भिंतीशी आडव्या झाल्या होत्या.

मी वर तोंड करून ओरडलो, "आजी, थाळ्या थांबवा! वहिनी दार उघडत नाहीत!"

"पोलीस नाय तर कडी कित्याक लावल्यान, मेल्या?" आजींनी विचारले. मग त्यांच्या हातातली पळी तशीच राहिली. "बंद करा गो! सगळ्यांनी बंद करा!"

थाळ्या थांबल्या. फक्त पाऊस आणि बोळातून येणाऱ्या लोंढ्याचा आवाज उरला. पाणी माझ्या मांड्यांना लागले होते. आजी कठड्यावरून ओणवल्या.

"बाय माझे, दार उघड! पोलीस नाय, तळ्याचा पाणी इला!"

आतून अगदी हळू आवाज आला, "भावजी?"

"हो, मीच."

"मला उठवत नाही हो."

"भिंतीला धरा. कडी तेवढी काढा."

आत काहीतरी पडले. भांडे असावे. मग कडी सरकली आणि पाण्याच्या जोराने दार आत लोटले गेले. वहिनी चौकटीला धरून उभ्या होत्या. शेजारच्या एका विणकऱ्याने आणि मी त्यांना उचलून जिन्यावर नेले.

तलावाची भिंत टिकली. पुढच्या ओहोटीला बोळातले पाणी उतरले. आमच्या दारावर गाळाची रेघ राहिली होती. ती कडीच्या वर होती.