बाटलीतली भेसळ

पीएच.डी. होऊन चार वर्षं झाली, तरी शेवाळताईची खुर्ची काही पक्की झाली नव्हती. हे नाव तिला प्रयोगशाळेतल्यांनीच ठेवलेलं. काचेच्या बाटल्यांत शेवाळ वाढवायचं आणि त्याने सांडपाणी किती साफ होतं ते मोजायचं, हे तिचं काम. नेमणूक प्रकल्पापुरती. आई फोनवर विचारायची, "अगं, तू शिकतेस की शिकवतेस? लोकांना सांगू तरी काय?"

"संशोधन करते म्हण," ती म्हणायची. पण तो शब्द तिचा तिलाच उसना वाटायचा. दारावरची पाटी प्रकल्पप्रमुख सरांची, आणि तिच्या मापांवरचं सगळं गणित दुसऱ्या संस्थेतल्या गणितीबुवाचं. बुवाही तिच्यासारखाच मुदतीवरचा.

दोघांचा शोधनिबंध जवळजवळ तयार होता. तो छापून आला की दोघांच्याही मुदतवाढीसाठी शब्द टाकतो, असं सर म्हणाले होते. अशात एका दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली गोल पेशींमध्ये तिला लांबट पेशी दिसल्या. बाटलीत भलतंच शेवाळ शिरलं होतं. तिने जुने नमुने काढले. त्यांतही तेच. म्हणजे निम्मी मापं बाद.

तिने बुवाला फोन लावला.

"कुणी पाहिलंय का?" त्याने विचारलं.

"मीच फक्त."

"मग गप्प बस. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझी पोरगी आत्ता कुठे शाळेत जायला लागलीये गं."

"आणि उद्या कुणी हेच प्रयोग करून पाहिले तर?"

"उद्याचं उद्या."

इकडे आड, तिकडे विहीर. बैठकीत सरांनी "मग, कधी पाठवायचा?" असं विचारलं, तेव्हा पडद्यावर बुवाचा चेहरा होता. तिकडे न बघता ती म्हणाली, "सर, नाही पाठवता येणार. माझ्या बाटल्यांत भेसळ झालीये."

सरांनी चष्मा काढून पुसला. "आधी कसं नाही दिसलं?" एवढंच म्हणाले.

सगळं नव्याने करायला तिला सहा महिने मिळाले. बुवाला मात्र त्याच्या संस्थेने नारळ दिला. आता तो कुठल्याशा विमा कंपनीत आकडेमोड करतो म्हणे. तिचा फोन उचलत नाही. तिने माफीचा निरोप पाठवला, त्यावर उत्तर आलं, "या वेळी मापं नीट घे."

नव्या बाटल्या अजून तरी स्वच्छ आहेत. पण रोज सकाळी भिंगाला डोळा लावून ती प्रत्येक नमुना दोनदा तपासतेच.