सालासकट

दुकानात तिला सगळे टाचणी म्हणत, कारण तिच्या ओठांत कायम दोन-तीन टाचण्या धरलेल्या असायच्या. कपड्यांच्या दुकानामागच्या खोलीत बसून लोकांच्या पँटी आखूड करायच्या, हे तिचं बावीस वर्षांचं काम. संध्याकाळी घरी पोचली की हमसचं, म्हणजे चण्यांच्या मऊ चटणीचं, काम सुरू. सासूची कवळी नीट बसत नव्हती, दुसरं काही दिलं की ती थुंकून टाकायची. हमस तेवढं पोटात जायचं.

तेही सासूच्याच रीतीचं. रात्रभर भिजवलेले काबुली चणे मऊ शिजवायचे, एकेका दाण्याचं साल चिमटीने सोडवायचं आणि मगच तीळ, लसूण, लिंबू घालून वाटायचं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूने हे शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे काय, बोलून बोलून जीव नकोसा केला होता. एक साल राहिलं की सगळ्यांदेखत वाटी परत यायची.

आता नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. घरात दोघीच, आणि गेलं वर्षभर सासू तिला ओळखत नव्हती. "अहो बाई" म्हणायची, फार अदबीने. टाचणीची पाठ दुखायची, बोटं दुखायची, पण खरी ती थकली होती त्या अदबीने. जिच्यासाठी हाडाची काडं केली, तिने निदान एकदा तरी आपल्याला ओळखावं, एवढंच तिला हवं होतं.

गुरुवारी दुकानात एका शाळेचे चाळीस गणवेश आले. घरी आली तेव्हा तिच्यात त्राण नव्हतं. शिजलेल्या चण्यांचं भांडं बघून तिने हात टेकले. "खड्ड्यात गेली ती सालं," म्हणाली आणि सगळं तसंच मिक्सरमध्ये ढकललं. मिक्सर जुना, सालांचे तुकडे तसेच राहिले.

सासूने पहिला चमचा तोंडात घेतला आणि तिची जीभ थांबली. बोटाने सालाचा तुकडा काढून तिने वाटीच्या काठाला पुसला.

"सूनबाई, हे काय? सालं कोण काढणार, तुझा बाप?"

सासूने वाटी टाचणीकडे परत सरकवली.

"हात काय भाड्याने दिलेस? माझ्या मुलाला असलं वाढू नकोस, सांगून ठेवते."

"नाही वाढणार, आई," टाचणी म्हणाली आणि ढसाढसा रडली. ज्या बोलण्याने एके काळी तिच्या अंगाची लाही लाही व्हायची, ते तिने त्या संध्याकाळी पोटभर ऐकून घेतलं.

शुक्रवारी दुकानात फारसं काम नव्हतं. तरी तिने एकही साल काढलं नाही. वाटी पुढे ठेवली आणि बोलणी खायला समोर बसून राहिली.

सासूने सावकाश सगळं खाल्लं. वाटी बोटाने पुसून घेतली.

"छान झालंय हो बाई. तुमच्या सासूने शिकवलं वाटतं?"

"हो," टाचणी म्हणाली, आणि उद्याचे चणे भिजत घालायला उठली.