सैल ठेवलेला स्क्रू

सर्फराजचा दिवस पहाटे चारला सुरू होई. उन्हाळ्यात आखातातल्या शुवैखमधल्या गॅरेजचं शटर पाचला उघडे, कारण दुपारी पत्र्याखाली पाना हातात धरवत नसे. काम जेट-स्कींचं. वापर थांबला की टाकी गळ्यापर्यंत भरायची आणि झाकणावरचा हवेचा स्क्रू थोडा सैल ठेवायचा, नाहीतर उष्णतेने टाकी फुगते. ही त्याची रीत.

तीच रीत त्याने गावी, दापोलीकडे, धाकट्या भावाला फोनवर सांगितली. झहूरच्या होडीचं पेट्रोल इंजिन सर्फराजच्या पगारातून आलेलं. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत ते पडवीत ठेवायचं होतं. झहूरने सांगितल्याप्रमाणे केलं. ऑगस्टात सगळ्यांच्या होड्या दर्यात गेल्या आणि झहूरचा खांदा दोरी ओढून सुजला, तरी इंजिन सुरू होईना. त्याने उघडलेल्या कार्बोरेटरचा फोटो पाठवला. आत पांढरी भुकटी होती.

सर्फराजने त्याला पुढे बोलूच दिलं नाही. पेट्रोल भेसळीचं आणलंस, हयगय केलीस, असं सुनावलं. झहूरने फोन ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. तो दुसऱ्याच्या होडीवर मजुरीने जातो आणि इंजिन भंगारात द्यायचं म्हणतो, हे आईकडून कळलं.

सप्टेंबरात गॅरेजमध्ये बर्फावरची स्कूटर आली. तिथल्याच रुमैथिया भागातल्या एका शौकिनाने अमेरिकेतून जुनी मागवलेली, हिवाळ्यात परदेशातल्या डोंगरावर न्यायला. गॅरेजमध्ये सोबत कामाला गुहागरचा पुंडलिक होता. त्याने तिच्याभोवती एक फेरी मारली.

"सर्फराजभाई, हिची ट्रायल कुठे घ्यायची? फ्रीजमध्ये?"

पाठवणाऱ्याने आळस करून टाकीत पेट्रोल तसंच ठेवलं होतं. सर्फराजने ते नळीने पारदर्शक कॅनमध्ये काढलं. वर पिवळं पेट्रोल, तळाशी गढूळ पाण्याचा थर. कार्बोरेटर उघडला तर तीच पांढरी भुकटी. झाकणाजवळ पट्टी होती: दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल.

इथल्या पंपावर इथेनॉल नसतं, म्हणून असं काही त्याने कधी पाहिलंच नव्हतं. पुंडलिक नुकताच रजेवरून आला होता. त्याने सांगितलं, गावी आता पंपावर वीस टक्क्यांचं मिळतं आणि ते हवेतली ओल ओढतं. कोकणातला पावसाळा आणि सैल स्क्रू. तीच ओल झहूरच्या टाकीत शिरली होती.

मग त्याने पुंडलिकच्या फोनवरून नंबर लावला.

"झहूर, स्क्रू सैल ठेवायला मीच सांगितलं होतं. चूक माझी."

"तेच तर सांगत होतो, भाय. तू ऐकशील तर ना." झहूरने विचारलं, "जेवलास का?"

मग दोघांनी कामाचं ठरवलं. बिनइथेनॉलचं पेट्रोल रत्नागिरीला मिळतं, पण महाग, आणि आणायला दिवस मोडतो. हंगामात पेट्रोल दोन दिवसांत जळतं, तेव्हा गावच्या पंपावरचंच भरायचं. बंदीपूर्वी मात्र टाकी रिकामी करायची, शेवटी बिनइथेनॉलच्या एका कॅनवर इंजिन चालवायचं आणि आपोआप बंद पडेपर्यंत थांबायचं.

सर्फराज त्या वर्षी रजेवर गेला नाही. तिकिटासाठी बाजूला ठेवलेल्या पगारातून झहूरच्या इंजिनाला नवा कार्बोरेटर आणि नव्या रबरी नळ्या आल्या.