कडा काळ्या दिसणारी दुर्बीण

बीदरजवळच्या आमच्या चिटगुप्प्यात मला सगळे फटकळ म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. नोकरी करते त्या शाळेत हेडमास्तरांना मी तोंडावर बोलते, भाजीवाल्याला बोलते, नवऱ्याला तर बोलतेच बोलते. एका माणसापुढं मात्र माझी जीभ कधी उचलली नाही. माझे थोरले भाऊ, अण्णा. वडील गेले तेव्हा मी सहावीत होते. अण्णांनीच मला शिकवलं, नोकरीपर्यंत पोचवलं, लग्न लावून दिलं. 'अण्णा म्हणाले' एवढं कुणी म्हटलं की आमच्या घरात विषय संपायचा.

पाखरांचा नादही अण्णांनीच लावला. ते भूगोलाचे मास्तर. सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवर मागं बसवून मला कोहिनूर गावाकडच्या माळावर न्यायचे. लग्नानंतरही नेत राहिले, कारण मला दिलं ते गावातच. हिवाळ्यात तिथं भोवत्या येतात. लांब पंखांचे हे शिकारी पक्षी गवताला पोट घासेल इतक्या खालून तरंगत जातात, आणि दिवस कलला की मुक्कामाला त्याच गवतात उतरतात. धाविक नावाचा एक पक्षी आहे, अगदी मातीच्या रंगाचा. तो उभा राहिला की दुर्बिणीतूनही मला ढेकूळच दिसायचं. अण्णा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, त्या बाभळीच्या बुडाला ये, आता उजवीकडं सरक, आता थांब. मी थांबले की ढेकूळ चालायला लागायचं. तसे दिवस आता नाहीत. त्या दिवसांची आठवण आली की मला घरात बसवत नाही.

दुर्बीण पारखण्यात अण्णांचा हात धरणारा आमच्या भागात कुणी नव्हता. बीदरकडून, बसवकल्याणकडून लोक नवी दुर्बीण घेऊन त्यांच्याकडं यायचे. दुकानदार किती पट मोठं दिसतं तो आकडा सांगतो आणि लोक भुलतात. अण्णा म्हणायचे, मोठं दिसून काय करायचं, नीट दिसाया पाहिजे. आधी ते दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडं करायचे. डोळ्याकडच्या काचेत उजेडाचा ठिपका दिसतो, तो पुरता गोल हवा. तो कडेनं कापल्यासारखा दिसला की आतली काच हलकी. मग पांढऱ्या आभाळावरची विजेची तार बघायची. तारेला जांभळी किनार दिसली की दुर्बीण नापास.

शेवटची परीक्षा गच्चीवरून. बाजाराच्या पार टोकाला एका टेलरची पाटी आहे, वर कन्नड, खाली उर्दू. अण्णा वडिलांकडून उर्दू शिकलेले. ते त्या उर्दू अक्षरांवरचे नुक्ते, म्हणजे टिंबं, बघायचे. तीन नुक्ते तीन दिसले पाहिजेत, चिकटून एक डाग झाला तर उपयोग नाही. आणि पाटी मधोमध स्वच्छ दिसली म्हणून भुलायचं नाही. ती हळूहळू कडेला न्यायची आणि नुक्ते कुठं विरघळतात ते बघायचं. टेलरला हे माहीत होतं. आम्ही गच्चीवर दिसलो की तो पाटी पुसून ठेवायचा.

अण्णा रिटायर झाले त्या पावसाळ्यात त्यांच्या जुन्या दुर्बिणीच्या आत बुरशी धरली. कडेला अंधार वाटायलाय, म्हणाले. बुरशीच ती, दुसरं काय असणार? नवी मागवली. पार्सल फोडून आम्ही गच्चीवर गेलो. अण्णांनी ठिपका बघितला, तार बघितली, पाटी बघितली, आणि पाटी कडेला नेल्यावर थांबले. कडा काळ्या आहेत, गोल पुरता उघडत नाही, असं म्हणत त्यांनी ती माझ्या हातात दिली.

मी बघितलं. गोल पुरता उघडा होता. नुक्ते अगदी काठापर्यंत तीनचे तीन.

"काळ्या हायत न्हाई?" अण्णांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणाले. "जराशा."

दुर्बीण परत गेली. दुसरी आली, तिचंही तेच. तिसरी आली. तिन्ही वेळा मी डोळ्याला लावली, तिन्ही वेळा मला स्वच्छ दिसलं आणि तिन्ही वेळा मी मान डोलावली. एरवी तोंडाळ म्हणून गाजलेली मी, तिथं ब्र काढला नाही. मला वाटलं, मास्तर म्हातारपणी चिकित्सक झालेत, माझं काय जातंय? शिवाय ज्यांनी मला बघायला शिकवलं त्यांना 'तुम्हाला नीट दिसत नाही' असं कोणत्या तोंडानं सांगणार? त्याच वर्षात अण्णा दोनदा उंबऱ्याला अडखळले, बाजूनं येणाऱ्या स्कूटरला धडकता धडकता वाचले, आणि ताटाशेजारचा तांब्या तर रोज लवंडायचा. वहिनी कुरकुरायच्या. मी वहिनींनाच गप्प करायचे.

शेवटी वहिनींनीच हट्ट धरला आणि आम्ही अण्णांना कलबुर्गीला नेलं. डॉक्टरांनी त्यांना एका यंत्रापुढं बसवलं. आत कुठं कुठं उजेडाचा थेंब चमकतो, दिसला की बटण दाबायचं. बाहेर मला त्या बटणाचा आवाज ऐकू येत होता. मग बराच वेळ तो आलाच नाही. शेवटी कागद निघाला. मधे थोडं पांढरं आणि सगळ्या कडा काळ्या.

काचबिंदू. गेलेलं परत येत नाही, डॉक्टर म्हणाले, उरलेलं राखू. वर्ष-दीड वर्ष आधी आणायला हवं होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही का? वहिनींनी माझ्याकडं बघितलं नाही, कारण त्यांना दुर्बिणींचं काही माहीतच नव्हतं. मी भिंतीकडं बघत बसले. येताना बसमध्ये मला रडू आवरेना, आणि अण्णाच माझी समजूत घालत होते.

यंदा हिवाळ्यात अण्णा म्हणाले, माळावर जाऊ. मोटारसायकल आता मी चालवते. संध्याकाळी आम्ही बांधावर बसलो. भोवत्या यायला लागल्या. अण्णांना समोरची एक दिसायची, तीही त्यांच्या उरलेल्या फटीतून जाईपर्यंत. मी सांगत होते, डावीकडं दोन, मागून एक. ते मान वळवायचे तोवर ती निघून गेलेली असायची. थोड्या वेळानं त्यांनी मान वळवणं सोडून दिलं.

"त्या तिन्ही दुर्बिणींतनं," ते म्हणाले, "तुला नीट दिसत होतं ना गं?"

कलबुर्गीहून आल्यापासून मी या प्रश्नाला भीत होते.

"व्हय, अण्णा. काठापर्यंत."

ते रागावतील असं वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मला ठाव होतं," ते म्हणाले. "दुसरी आली तेव्हाच कळालं, दोष काचेत न्हाई. तुझ्या वहिनीला दाखवली असती तर तिनं खरं सांगितलं असतं. म्हणून तर तुला दाखवायलो होतो."

ताकाला जाऊन भांडं लपवणारे आम्ही दोघंही. त्यांना भीती वाटत होती, त्यांनी माझं 'व्हय' मागितलं आणि मी ते दिलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. राग त्यांच्यावर, माझ्यावर, आमच्या घराच्या त्या शहाण्या रीतीवर. आणि जन्मात कधी निघालं नव्हतं ते माझ्या तोंडून निघालं.

"अण्णा, तुम्ही चुकलात."

"व्हय," अण्णा म्हणाले.

किती सोपं होतं ते. त्यांनी एका शब्दात ऐकून घेतलं. गच्चीवरही घेतलं असतं.